‘कुणाचा रं तू?’ असं आता कुणी विचारत नाही

(पत्रलेखकांचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. गावाचं नाव मात्र ‘राहू द्या’ असं त्यांनीच लिहिलं आहे.)

पत्र थोडक्यात असं. पत्रलेखक ५९ वर्षांचे आहेत. जन्म, शाळा, आयटीआय सगळं बार्शीत झालं. विशीत भोसरीला आले, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये पस्तीसेक वर्षं काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. पिंपरी-चिंचवडला स्वतःचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मुलगी जवळच दिली आहे, चार वर्षांचा नातू आहे. बार्शीला माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, जुनं घर आहे, त्यात धाकटा भाऊ राहतो. निवृत्तीनंतर गावी जाऊन राहायचं हे त्यांचं जुनं स्वप्न. म्हणून दिवाळीत पंधरा दिवस जाऊन राहिले आणि खट्टू होऊन परतले. ढाळजेत, म्हणजे दारातून आत आल्यावरच्या बसायच्या जागेत, कुणी बसायला आलं नाही. गल्लीतली निम्मी दारं बंद. स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर विशीतल्या पोरानं विचारलं, “काका, कुठून आलात?” ते त्यांना फार लागलं. ‘माझ्याच गावात मला कुठून आलात विचारतात,’ असं त्यांनी लिहिलं आहे. भावाकडे बिल्डरचा प्रस्ताव आलाय. पत्नीचं माहेरही बार्शीचंच, पण त्या म्हणतात, “तुमची बार्शी वेगळी, माझी वेगळी. तुम्ही खुशाल जा, मी येणार नाही.” त्यांचे प्रश्न तीन: गाव बिघडलं की मीच म्हातारा झालो? तिथं जाऊन राहावं की वाटा विकून मोकळं व्हावं? आणि बायकोची समजूत कशी घालावी?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात वडिलांबद्दल, तुमच्या दादांबद्दल, एक वाक्य आहे: ‘दादांच्या वेळी ढाळजेत कितीही माणसं बसलेली असोत, आतून चहा यायचा.’ मी तिथूनच सुरुवात करते. चहा यायचा, असं तुम्ही लिहिलंय. तो आणायचं कोण?

मी अंदाजानं लिहिते, चुकलं तर सांगा. आधी तुमची आई आणायची. नंतर तुमचं लग्न झालं आणि तुम्ही भोसरीत खोली मिळेपर्यंत बायकोला गावीच ठेवलंत, तेव्हा ती आणायची. माजघरातून सोप्यात, सोप्यातून ढाळजेच्या उंबऱ्यापर्यंत, डोक्यावर पदर, तबक कुणाच्या तरी हातात द्यायचं आणि पाठमोरं न होता मागं सरायचं. रॉकेलचा स्टो. भरून ठेवलेलं पाणी जपून वापरायचं, कारण दुष्काळी पट्ट्यातल्या त्या गावात नळ कधी सुटेल त्याचा भरवसा नसायचा. सहा कप धुवायचे म्हणजे अर्धी बादली. ढाळजेत काय बोलणं चाललंय, कशावर एवढं हसतायत, हे तिला कधी कळलं असेल का? तुमच्या आठवणीतली सगळ्यात सुंदर जागा ती ढाळज आहे. तिच्या आठवणीत त्या ढाळजेचं काय आहे, तर उंबरा. “तुमची बार्शी वेगळी, माझी वेगळी,” हे त्या भांडून बोललेल्या नाहीत. ते अक्षरशः खरं आहे.

म्हणून तुमचा तिसरा प्रश्न मी बाजूला काढते. ‘समजूत कशी घालावी’ यात तुम्ही धरून चालला आहात की त्यांना कळत नाहीये आणि तुम्ही कळवून द्यायचं आहे. मला वाटतं, ज्या गावाबद्दल तुम्ही बोलताय ते त्यांना तुमच्याइतकंच ठाऊक आहे, फक्त आतल्या बाजूनं. एकदा त्यांना विचारा की लग्नाआधी कॉलेजातून घरी यायला उशीर झाला तर काय व्हायचं. कोणत्या कोपऱ्यावरून जाताना मान खाली घालायला लागायची. कोण घरी येऊन सांगायचं, “तुमची पोरगी अमक्याशी बोलत उभी होती.” माणसाला माणूस ओळखत होतं, असं तुम्ही लिहिता. तिच्या वयाच्या मुलीला ती ओळख म्हणजे दर वीस पावलांवर एक डोळा होता.

हे वाचून तुम्हाला वाटेल, बाई माझ्या आठवणींवर पाणी ओततायत. तसं नाही. तुमची ओढ खरी आहे आणि तिच्यात लाजण्यासारखं काही नाही. माझं आजोळ कुर्डुवाडीचं, म्हणजे तुमच्या शेजारचंच. मुंबई-पुण्याची मोठी गाडी तिथं सोडायची आणि पलीकडे उभ्या असलेल्या छोट्या गाडीत बसायचं. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती बार्शी लाइट. १८९७ साली एका खाजगी कंपनीनं कुर्डुवाडी ते बार्शी अशी ती सुरू केली, पुढं ती लातूरला गेली, दुसऱ्या बाजूनं पंढरपूरवरून मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली. मोठी गाडी उशिरा आली की छोटीला थांबावंच लागायचं, आणि मग दोन-दोन तास फलाटावर. आजी धडप्यात बांधलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडायची. शेजारच्या गाठोड्यावर बसलेली बाई विचारायची, “कुणाच्या तुम्ही?” आजी गावाचं नाव, घराण्याचं नाव सांगायची. पाच मिनिटांत कुणाची तरी मावसजाऊ निघायची. गाडी हलेपर्यंत दोघी एकमेकींच्या सुना-लेकींची दुखणी ऐकून बसलेल्या असायच्या.

मी पुष्कळ वर्षं समजत होते की ती माणसंच प्रेमळ होती. असतीलही. पण आता मला वाटतं, त्या ओळखीचं निम्मं श्रेय त्या दोन तासांना होतं. पूर्वीच्या गावात माणसं सतत कशाची तरी वाट पाहत असायची. रॉकेलची रांग, रेशनची रांग, नळाची रांग. पोस्टात ट्रंककॉल लावून ताटकळत बसणं. गॅसचा नंबर लागायला वर्षानुवर्षं. आडतीवर माल उतरला की लिलाव होईपर्यंत गाडीखाली पथारी. गिरणीचा भोंगा वाजेपर्यंत डबा घेऊन फाटकाशी. रिकामा वेळ कुणी मागून घेतलेला नव्हता, तो अंगावर पडायचा, आणि त्यात माणसं बोलायची. तुम्ही लिहिता, मोबाइलनं गावाची वाट लावली. मोबाइलनं बरंच काही बिघडवलं, नाही म्हणत नाही. पण रांगा आधी गेल्या, आणि त्या गेल्या याचं वाईट वाटणारी एकही बाई मला अजून भेटलेली नाही. त्या रांगांबरोबर आपसूक होणाऱ्या ओळखीही गेल्या. आता ओळख हवी तर वेळ ठरवून करावी लागते. गावात हे अजून कुणाच्या अंगवळणी पडलेलं नाही. तुमच्याही नाही, कारण पंधरा दिवस तुम्ही ढाळजेत बसून कुणी येईल याची वाट पाहिलीत. स्वतः किती जणांकडे गेलात, हे पत्रात नाही.

बंद दारांचंही तसंच. गल्लीतली दारं दिवसभर उघडी असायची, कारण घरात कुणीतरी कायम असायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे बाई. आज त्याच गल्लीतली एक सून शाळेत शिकवत असेल, दुसरी दवाखान्यात नर्स असेल, तिसरी पतसंस्थेत बसत असेल. दाराला कुलूप आहे कारण ती कामाला गेलीय. नगरपालिकेत स्त्रियांना एक तृतीयांश जागा १९९३ पासून मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. त्यातल्या काही ठिकाणी अजून नवराच कारभार करतो हे मलाही दिसतं. पण ज्या ढाळजेच्या उंबऱ्याशी तबक थांबायचं, तिथं आज बाई अर्ज घेऊन आलेल्या माणसांना “बसा की” म्हणते, अशी घरं आता तालुक्याच्या गावांतून आहेत. बंद दार बघून वाईट वाटण्याआधी एकदा कुलपाची किल्ली कुणाच्या पर्समध्ये आहे ते आठवा.

आणखी एक अवघड गोष्ट लिहायची आहे. ‘कुणाचा रं तू?’ हा प्रश्न तुम्हाला गोड वाटतो, कारण तुमच्याकडे त्याचं असं उत्तर होतं की ऐकणारा सरकून जागा द्यायचा. त्याच गावात काही पोरांना त्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं की ढाळजेच्या पायरीखाली उभं राहावं लागायचं. त्यांचा कप वेगळा, वळचणीला ठेवलेला. तुमच्या घरी तसं नसेल, तर फारच चांगलं. पण गल्लीत कुठं ना कुठं ते तुम्ही पाहिलं असणार. महाड हेही तालुक्याचंच गाव. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला, महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलंही केलं, आणि तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन तिथं जावं लागलं. ओंजळभर पाणी प्यायल्यावर गावानं काय केलं ते आपल्याला माहीत आहे. हे मी तुमच्यावर ठेवत नाही. एवढंच म्हणते की ‘आता कुणी कुणाला ओळखत नाही’ ही तक्रार ज्यांच्यासाठी सुटका आहे, अशीही माणसं तुमच्या गावात आहेत. चहाच्या गाड्यावर एकाच बरणीतली खारी आणि एकाच स्टीलच्या ट्रेमधले ग्लास सगळ्यांना मिळतात आणि पोरगा आडनाव विचारत नाही, हे मला मोठं वाटतं.

मग पूर्वी काहीच बरं नव्हतं का? होतं, आणि गेलंय, आणि त्याचं दुःख करायला हवं. गल्लीत पोरं खेळायची तिथं आता दोन्ही बाजूंना मोटारसायकली आणि मधून भरधाव जाणारी एखादी. चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स, इतके की भगवंताच्या देवळाकडं जाणाऱ्या परक्या माणसाला वाट सापडू नये. मिरवणुकीत छाती हादरवणारा तो डीजे, ज्यानं म्हाताऱ्या माणसांना खिडक्या लावून बसावं लागतं. किराणा दुकानातली वही, जिच्यावर गरीब घराचा महिना निघायचा. आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढायला न सांगता येणारे शेजारी. माळवदावर उन्हाळ्यात टाकलेली अंथरुणं आणि शेजारच्या माळवदावरून चाललेलं बोलणं. हे शेवटचं तर स्लॅब आणि कूलरनं कायमचं नेलं. हे सगळं मोलाचं होतं. ते परत येणार नाही म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. पण तुमच्या वयाचा हिशेब केला तर १९७२ च्या दुष्काळात तुम्ही नुकते शाळेत जायच्या वयाचे होतात. दुष्काळात वाटलेली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी आठवत असेल तर तेही त्याच गावाच्या खात्यावर लिहायला हवं.

आता गाव बिघडलं का, हा तुमचा पहिला प्रश्न. माझ्या मते गाव बदललं नाही इतकी गावातली माणसं बदलली, आणि त्यात तुमचाही हात आहे. राग मानू नका. तुम्ही विशीत भोसरीला गेलात. तुमच्या वर्गातले निम्मे तरी पुणे-मुंबई-सोलापूरला गेले असतील. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली शंभरातली २८ माणसं शहरी भागात राहत होती, २०११ ला ४५. ही माणसं नुसती मोठ्या शहरांत गेली नाहीत. आजूबाजूच्या खेड्यांतली बार्शीसारख्या गावांत आली. वैराग, पांगरी भागातला कुणीतरी पोराच्या शाळेसाठी बार्शीत दोन खोल्या घेऊन राहतो, शेत सकाळी मोटारसायकलवर जाऊन करून येतो. परंडा-भूममधली माणसं दवाखान्यासाठी येतात. मामासाहेब जगदाळ्यांनी खेड्यातल्या पोरांसाठी बोर्डिंग काढलं तेव्हापासून ही वाट वाहती आहे. लेकराला शिकायला बार्शीत ठेवणं ही त्या घरांमध्ये मोठी झेप होती आणि अजून आहे. तुमच्यासाठी जे मागं राहिलेलं गाव आहे, ते त्यांच्यासाठी गाठलेलं शहर आहे. ‘बार्शी तिथं सरशी’ ही म्हण आज ज्यांच्या तोंडी शोभते ते हे लोक. तुम्ही सोडून गेलेल्या जागा त्यांनी भरल्या. चहाच्या गाड्यावरचं पोरगं बहुधा त्यांच्यातलंच. त्याला तुमचे वडील माहीत नसणार, तुमची गल्ली माहीत नसणार. त्याच्या डोळ्यांसमोर होता एक काका, पायात स्पोर्ट्स शूज, बोलण्यात थोडा पुण्याचा हेल. त्यानं आपुलकीनं विचारलं. ‘कुणाचा’ याच्या जागी ‘कुठून’ आलं, इतकाच फरक.

आणि त्याचा प्रश्न बरोबरही होता. तुम्ही पस्तीस वर्षांनी पिंपरीहूनच आला होतात.

तुमचा दुसरा प्रश्न, जावं की विकून मोकळं व्हावं, याला माझं उत्तर आहे की दोन्ही इतक्यात करू नका. दिवाळीतलं गाव हे गाव नसतं. तेव्हा सगळेच पाहुणे असतात, ज्यांची वाट पाहायची ते स्वतः तुळजापूरला नाहीतर बहिणीकडे गेलेले असतात. राहून बघायचं तर चैत्रात जा आणि पहिला पाऊस पडेपर्यंत राहा. पारा चढलेला असताना, वीज गेलेली असताना, नळाचं पाणी कितव्या दिवशी येतं ते मोजत. भावाच्या घरी राहू नका. दोन खोल्या भाड्यानं घ्या. भावजयीच्या हातचं खाऊन गाव आवडलं तर ते गाव आवडणं नव्हे. स्वतःची भाजी आणा, स्वतःचं पाणी भरा, दुपारी चारला काय करायचं हा प्रश्न तुम्हाला किती दिवस पडतो ते बघा. त्या काळात दर आठवड्याला बायकोशी फोनवर बोलताना तक्रार नाही, हिशेब सांगा: आज कुणाशी बोललो, किती चाललो, रक्तदाबाची गोळी चुकली का. दवाखान्याची भीती त्यांना असेल तर ती मात्र तुम्ही दूर करू शकता. बार्शीत मोठी रुग्णालयं आहेत, कॅन्सरचं स्वतंत्र रुग्णालय आहे, शेजारच्या जिल्ह्यातली माणसं उपचाराला तिथं येतात. पिंपरीहून जितक्या वेळात तुम्ही गर्दीतून मोठ्या दवाखान्यात पोचता, त्याहून कमी वेळात तिथं पोचाल. रेल्वेही २००८ पासून मोठ्या रुळांवर आली आहे. मुंबईची गाडी आता थेट जाते, कुर्डुवाडीला फलाट बदलावा लागत नाही. (त्याच मार्गानं २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याच्या टाक्या गेल्या. माझ्या आजीनं ते पाहिलं असतं तर हात जोडले असते.)

पण भाड्याच्या खोलीपेक्षाही महत्त्वाचं दुसरं आहे: तिथं तुम्ही करणार काय? पत्रात तुम्ही कुठं बसणार ते लिहिलंय, काय करणार ते नाही. तुमचे दादा ढाळजेत बसायचे ते निवृत्त म्हणून बसत नव्हते. त्यांच्याकडे माणसं कामानं यायची, पत्र लिहून घ्यायला, पंचाईत मिटवायला, आडतीचा हिशेब समजून घ्यायला. हे तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलं आहे. चहा त्या कामाला जोडून होता. तुमच्या हातात टूलरूमचं पस्तीस वर्षांचं काम आहे. तुमच्या तालुक्यातली आयटीआय झालेली पोरं दर वर्षी बॅगा भरून चाकण-भोसरीला जातात, आणि पहिल्या आठवड्यात त्यांची धांदल उडते. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स वाचता येत नाही, मायक्रोमीटरचा रॅचेट किती फिरवायचा कळत नाही, खोलीसाठी कुणाला किती डिपॉझिट द्यायचं, कंत्राटदाराच्या कागदावर सही करण्याआधी काय वाचायचं, पीएफचा नंबर कसा मागायचा, हे कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा तुम्हालाही कुणी सांगितलं नसेल. आठवड्यातून दोन संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, ढाळजेत एक टेबल, एक व्हर्निअर, एक मायक्रोमीटर आणि चार जुनी ड्रॉइंग ठेवा. दारावर पाटी नको, आयटीआयतल्या एका शिक्षकाच्या कानावर घाला. पहिल्या आठवड्यात कुणी येणार नाही. तिसऱ्या आठवड्यात दोघं येतील. सहा महिन्यांत गल्लीत कुणी विचारलं तर सांगतील, “ते व्हय? पोरांना माप शिकवत्यात ते काका.” दादांच्या नावावर मिळालेली ओळख तुम्हाला फुकट मिळाली होती. ही तुमची असेल.

(आणि चहा? तो तुम्ही करायचा. पिंपरीत आजपासून सराव सुरू करा. हे मी अगदी गंभीरपणे सांगते आहे. तुम्ही उठून सहा कप चहा करता आणि कप धुऊन पालथे घालता, हे तुमच्या पत्नीनं दोन महिने पाहिलं, तर त्यांच्या मनातली ढाळज थोडी हलेल. नाही हलली तरी चहा झालेला असेल.)

पत्नींबद्दल अजून थोडं. ५९ व्या वर्षी नवरा-बायकोनं बारा महिने एकाच छताखाली राहिलंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. तुम्हाला चार महिने गाव, आठ महिने पिंपरी, असं जमत असेल तर ते फुटणं नाही. त्यांचा नातू इथं आहे, भजनी मंडळ इथं आहे, आणि मुख्य म्हणजे कुणाची सून नसलेलं आयुष्य त्यांनी इथं उभं केलंय. ते सोडून त्यांनी ज्या घरात सून होत्या तिथं परत जावं, ही फार मोठी मागणी आहे. त्या येणार असतीलच तर त्यांच्या अटींवर: वेगळं घर, स्वयंपाकाला बाई, स्वतःची स्कूटी, आणि दिवेलागणीनंतर कुठं गेलीस असं विचारणारं कुणी नको. त्यांना माहेरची जुनी मैत्रीण भेटायला तिकडं जावंसं वाटलं तर त्या स्वतःच येतील. एका हुरड्याला फक्त बोलावून बघा, राहायला नाही. पौष-माघात, मालदांडीचा हुरडा, तोही शेतात, घरात नाही. दुपारी परत.

आता घर. तुम्ही ‘आम्हा दोघा भावांचं’ असं चार वेळा लिहिलंय. बहिणीचा उल्लेख एकदाच आहे, भाऊबीजेला तिनं केलेल्या पुरणपोळीपुरता. त्या घरात तिचाही वाटा आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या मागं मुलीला वारस मानलं. वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये काही मुलींना दिला आणि ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्यांना मिळाला. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलंय. आधी रीतसर वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी, ते वकील कागद पाहून सांगतील. म्हणून बिल्डरशी बोलण्याआधी मिळकत पत्रिकेचा उतारा काढा, वारसांच्या नोंदी तपासा, आणि बहिणीला त्या बैठकीला बोलवा, सगळं ठरल्यावर सहीला नव्हे. तिला वाटा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून सोडेल. ते तिनं स्वतःच्या मनानं करायचं, पोळी वाढता वाढता नाही. हे मी फक्त कायद्यासाठी सांगत नाही. माळवदावर दर पावसाळ्याआधी पांढरी माती पसरून ती चोपून घट्ट करावी लागते, नाहीतर छत गळतं. तुम्ही गेल्यावर ती माती पाटीत भरून शिडीनं वर कुणी नेली असेल, ते एकदा तिला आणि भावाला विचारा.

घर ठेवायचं की पाडायचं, यात मी भावाच्या बाजूनं आहे. राहतो तो, गळतं त्याच्यावर. तुमच्या आठवणीसाठी त्यानं वाळवी लागलेल्या तुळयांखाली झोपावं हे बरोबर नाही. पण करार घाईनं करू नका. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूची एक खोली तिघांच्या नावे राहील असं कागदावर घ्या, मोघम तोंडी नको. ती तुमची ढाळज होईल. तुम्ही नसाल तेव्हा गल्लीतली पोरं परीक्षेला तिथं अभ्यासाला बसतील.

तुमच्यासारखी पत्रं मला कोकणातून येतात, खानदेशातून येतात. काहींचं घर पडून गेलंय, काहींचं गाव धरणात गेलंय, काहींचा भाऊ बोलत नाही. सगळ्यांना मी एकच विचारते: तुम्हाला गाव हवंय की तुम्ही वीस वर्षांचे होतात ते दिवस हवेत? दुसरं असेल तर त्यासाठी घर बांधू नका, चार दिवस जुन्या मित्राला घेऊन फिरून या. पहिलं असेल तर आज तिथं जे राहतात त्यांची नावं शिकायला लागा. आणि ज्यांनी गाव कधी सोडलंच नाही, तेही लिहितात. त्यांचं म्हणणं असतं, ‘सुट्टीला येणारे येतात आणि आम्हालाच सांगतात गाव कसं बिघडलं.’ त्यांचं दुखणं तुम्हीही ऐकायला हवं. तुमचा भाऊ त्यांच्यातला आहे. दिवाळीत तो तुमच्याशी फार बोलला नाही, असं तुम्ही लिहिलंय. पंधरा दिवस त्याच्या गावाबद्दल तुम्ही काय काय बोलत होतात, ते आठवून पाहा.

चैत्रात गेलात की पहिल्या सकाळी स्टँडजवळच्या त्या गाड्यावर जा. पोरगा ओळखणार नाही, पुन्हा विचारेल. सांगा त्याला: पिंपरीहून आलोय, मूळचा इथलाच, अमुक गल्लीतला. मग तुम्ही त्याला विचारा की तो कुठून आलाय. तुमच्या पत्रात त्याचं नावही नाही आणि गावही नाही.